वाट्याला जाण्याआधी

पुण्याहून निघायला साडेआठ वाजले आणि त्याचं कारण मीच. जुई सात वाजल्यापासून बूट घालून दारात बसली होती. ही माझी भाची. वय बारा, जन्म आणि वाढ कॅनडात. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना मात्र लिंग-वचनाशी तिचं फारसं सख्य नसतं. आमच्या आईच्या वर्षश्राद्धासाठी माझी बहीण नीता तिला घेऊन दहा दिवसांसाठी आली होती. त्या दहातले दोन दिवस मी मागून घेतले होते.

दोन दिवस कशासाठी, ते आधी सांगून टाकतो. जुईचा बाप डॅनियल तिकडचाच, आणि त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या शिकार करणारं. तिकडे ते कायद्याने चालतं, परवाने असतात, मोसम ठरलेला असतो. घरातल्या प्रत्येक मुलाने बाराव्या वर्षी आजोबांबरोबर रानात जायचं आणि पहिलं मोठं जनावर पाडायचं, अशी त्यांची रीत. मोठं म्हणजे मूस. सांबराच्याच गोतातला, पण घोड्याहून उंच आणि चांगला खंडीभर मांसाचा. यंदा जुईची पाळी होती. उन्हाळाभर तिने कागदी निशाणांवर सराव केला होता, परीक्षा दिली होती, रानात माणूस लांबून दिसावा म्हणून घालायचं भगव्या रंगाचं जाकीटही घेऊन झालं होतं. महिन्याभराने निघायचं होतं.

नीता मला म्हणाली, "इतकी वर्षं तू डोंगरात काढलीस. तुझा तो कर्जतकडचा म्हातारा शिकारी आहे ना, त्याच्याकडे ने तिला. नुसता नेम शिकून काय होतं? जरा मनाने तयार कर."

मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर मी तिला तयार करायला नव्हे, परतवायला नेत होतो. मी काही अहिंसेचा पुतळा नाही, रविवारी मटणाच्या रांगेत पिशवी घेऊन उभा राहणारा माणूस आहे. तरी ह्या एवढ्याशा पोरीने तसलं थोरलं जनावर पाडायचं, हे मला पटत नव्हतं. माझा बेत असा की त्या म्हाताऱ्याने, म्हणजे कमळूदादांसारख्या माणसाने, ज्याने स्वतःच्या हाताने हे सगळं केलंय आणि सोडलंय, त्याने तिला "नको गं" म्हणावं. मामाचं कोण ऐकतं?

घाट उतरताना जुईचे कान बंद झाले आणि उघडले. खोपोलीच्या वर पावसाळ्यातले धबधबे आता दोऱ्याएवढे उरले होते. खाली उतरलं की हवा एकदम जड होते. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात, आणि मधूनच गोदामांचे निळे पत्रे. खालापूर मागे टाकून आम्ही जुन्या हायवेने चौकच्या अलीकडे लोधिवलीला वळलो, कारण तिथे गायकवाड राहतो.

गायकवाड हा आमच्या मोजणीच्या तुकडीतला चेनमन. म्हणजे मी दुर्बिणीतून बघायचो आणि तो साखळी ओढत काट्याकुट्यातून पुढे जायचा. कष्ट त्याचे, सही माझी. निवृत्तीनंतर त्याने गावात दोन खोल्या वाढवल्यात आणि घरात शिरताच समोर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिला ताजा हार होता. वहिनींनी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. जुईने चटणी बोटाने चाखली आणि मग चमचा मागून घेतला.

"बंदूक चालवता येते म्हणे?" गायकवाडने तिला विचारलं.

"येते. पण मी फक्त कागदाला मारला," जुई म्हणाली.

"कागदाला रक्त नसतं," तो सहज म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला. मी मनात म्हटलं, शाबास, सुरुवात चांगली झाली.

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, एक लक्षात ठेवा. कमळूकडे शिकार हा शब्द काढू नका. हल्ली डुक्कर शेतात मेलेलं सापडलं तरी चौकशी होते. आणि तुम्ही कितीही झालं तरी सरकारी माणूस."

"आता कसला सरकारी? पेन्शनीत निघालो."

"त्यांच्या लेखी तुम्ही सरकारीच. मोठं जनावर म्हणा, कळतं त्याला."

म्हणून मीही इथे वाडीचं नाव लिहीत नाही. कर्जत सोडून नेरळच्या रस्त्याला लागलं, भिवपुरीच्या वीजघराचे डोंगरावरून उतरणारे थोरले नळ दिसायला लागले, की डावी-उजवी करत एका वळणावर गाडी ठेवायची आणि तासभर चढायचं, एवढं पुरे. तीस वर्षांपूर्वी मोजणीसाठी मी तीन महिने ह्या वाडीत काढले, तेव्हा ह्या वळणावर फक्त एक आंब्याचं झाड होतं. आता तिथे पोहण्याच्या तलावाची चित्रं असलेला नव्या सोसायटीचा फलक आहे. आंबा फलकाच्या मागे आहे.

चढताना बांधावर माझा पाय घसरला आणि मी सरळ चिखलात बसलो. जुईने हात दिला, हसली नाही, पण हसू दाबायला तिला बरेच कष्ट पडले. पुढे मी जपून चाललो आणि ती माझ्या पुढे गेली. वळणावर थांबून ती माझी वाट बघायची, मी दिसलो की पुन्हा चालायला लागायची.

वाडीच्या खालच्या अंगाला शेतं आहेत, आणि शेतांभोवती साड्या. लाल, जांभळ्या, पोपटी, जरीच्या किनारीच्याही, काठ्यांना बांधून सगळ्या शेताला वेढा घातलेला. जुईला वाटलं, कुठला तरी सण आहे. त्या साड्यांच्या कुंपणापाशीच कमळूदादा उकिडवे बसून गाठ मारत होते. डोक्याचे केस पांढरे झाले होते, अंग तेवढंच काटक. उजव्या दंडावर डुकराच्या सुळ्याने फाडलेला जुना व्रण तसाच होता. तो बघूनच मी तीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं की हा माणूस काय करत आलाय. त्यांनी मात्र तेव्हाही मला तो पडल्याचा म्हणूनच सांगितला होता.

"सायब, चिखलात बसलाव व्हय?" हे त्यांचं तीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

जुईने साड्या कशाला म्हणून विचारलं. "डुकरांसाठी गं पोरी. साडी हलती, बाईमानसाचा वास येतो, तो बिचकतो. दोन-चार दिस. मंग त्यालाबी कळतं का आत बाई नाय." त्यांनी शेताच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. तिथलं भात आडवं होऊन चिखलात तुडवलेलं होतं. "त्याला आमी हात लावायचा नाय. कायदा हाय. मंग आधी त्यानं खायाचं, उरंल ते आमी."

त्यांची बायको चांगुणाबाई कोरा चहा घेऊन आली. मी गायकवाडचा सल्ला पाळून सांगितलं की पोरीच्या देशात तिला मोठ्या जनावराकडे जायचंय, तिचं पहिलंच, आणि तुम्ही तिला चार शब्द सांगावेत. कमळूदादांनी मला काहीच विचारलं नाही. ते तिच्याकडे वळले. तिने फोनमधला मूसचा फोटो दाखवला. फोन लांब धरून, जवळ धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. शिंगांवरून अंगठा फिरवला तर फोटो पुढे सरकला, तो जुईने मागे आणून दिला.

"किती घरं?" त्यांनी विचारलं.

जुईने माझ्याकडे पाहिलं. मीही खांदे उडवले. "तुमच्याकडे घरं किती, असं विचारतायत."

"तीन," ती म्हणाली. "आमचा, आजोबांचा आणि काकाचा."

"आन् येवढं जनावर तीन घरांत?"

"फ्रीजर आहे. गॅरेजमध्ये. खूप मोठा."

मी बर्फाचं कपाट म्हणून समजावलं. ते कपाट किती मोठं, हे त्यांनी हातांनी विचारलं आणि जुईने दोन्ही हात ताणून दाखवलं. त्यात मांस कधीपर्यंत राहतं, हेही विचारलं. पुढच्या थंडीपर्यंत, जुई म्हणाली. कमळूदादांचा चेहरा गंभीर झाला. तोंडातल्या तोंडात ते काहीतरी पुटपुटले, मग उठले. उजेड कमी होत होता आणि त्यांना माळ्यावर (राखणीसाठी शेतात बांधलेलं उंच मचाण) जायचं होतं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांगा सायब, असं वाट्याला जायचं नाय."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी न शिकवता, न सुचवता त्यांनी तेच सांगितलं होतं. जुई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाट्याला जाणं म्हणजे काय?"

"उगाच कोणाची खोडी काढणं. कोणी आपल्याला काही केलेलं नसताना त्याच्या अंगावर जाणं. ते म्हणतायत, त्या जनावराच्या वाट्याला जाऊ नकोस."

"कधीच नाही?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

आम्ही कुडाच्या घराच्या (कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतींच्या) ओट्यावर बसलो. तिच्या डोळ्यांत मला वाटलं होतं तसं हायसं वाटल्याचं काही दिसेना. उलट काहीतरी हरवल्यासारखी ती फोन हातात धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने मला वाचून दाखवलं. आजोबांना लिहिलं होतं, की मी यंदा येणार नाही, मला माफ करा. वाडीत रेंज नव्हती. निरोपापुढे घड्याळाची खूण येऊन तो तिथेच अडकला.

"खाली गेल्यावर जाईल," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. जेवताना ती जेमतेम एक भाकरी खाऊन उठली आणि आम्ही लवकरच अंथरुणं घातली.

सकाळी मी चुलीपाशी चहाला बसलो होतो. जुई बाहेर दगडावर बसून दात घासत होती. चांगुणाबाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "पोरीला लवकर धाडा सायब. म्हातारा पानं घिऊन बसलाय खडकाव. ऊन झालं का पानं सुकत्यात."

"कसली पानं?"

"वाट्याची. पोर वाट्याला जानार ना?"

"ते तर काल नको म्हणाले."

चांगुणाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेला माणूस इतका कसा मठ्ठ. "अवो, आमी जनावराला जायचं त्याला वाट्याला जायचं म्हनतो. दुसरं नाव घेत नाय रानाचं. वाटं ठरल्याबिगर कुनी वाट्याला जातं व्हय? तीन घरं घिऊन? तेच बोलला असंल म्हातारा. रातभर माळ्यावर पोरीचंच काढत व्हता. म्हनला, सकाळी शिकवतो."

चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवायचंही मला सुचेना. तीन महिने ह्या माणसांत राहिलो, त्यांच्या ताटात जेवलो, आणि हा शब्द माझ्या कानावर कधी पडला नव्हता. पडणार कसा? सरकारी माणसापुढे तो कोणी काढला नसणार. आमच्याकडे वाट्याला जाणं म्हणजे कुरापत. त्यांच्याकडे वाटा म्हणजे वाटा. रानातून आणून घराघरांत वाटायचा तो.

इथवर माझी चूक होती, आणि चूक कोणाचीही होते. पण "कधीच नाही" हे कमळूदादा म्हणाले नव्हते. ते माझं होतं. बाहेर ती पोर तोंड धूत होती, आणि तिच्या फोनमध्ये तो निरोप रेंजची वाट बघत होता. मी गप्प राहिलो असतो तर दोन तासांत सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. चांगुणाबाई सोडल्या तर कोणाला काही कळलंही नसतं. मी गप्प राहायचा विचार केला, हे लिहायला लाज वाटते, पण केला. चहा संपेपर्यंत केला.

मग बाहेर जाऊन तिच्या शेजारच्या दगडावर बसलो.

"जुई, काल मी तुला चुकीचं सांगितलं. वाट्याला जाणं म्हणजे त्यांच्या बोलीत रानात जाणं. वाटे ठरवल्याशिवाय जाऊ नये, एवढंच ते म्हणत होते."

तिने तोंडातलं पाणी थुंकलं. "तू चुकला की खोटा बोलला?"

"अर्धं-अर्धं."

"कुठला अर्धा खोटा?"

"'कधीच'. ते मी घातलं."

ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ब्रश धुतला, झटकला, पिशवीत ठेवला. "मी कमळू आजोबांकडे जाते," म्हणाली, आणि खडकाच्या वाटेने चालायला लागली. मी मागोमाग गेलो. त्या दिवशी तिने मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही.

कमळूदादांनी आधी तिला पाणंदीतल्या चिखलात डुकरांचे खूर दाखवले. मोठा कुठला, पिल्लं कुठली, कोण मागे राहिलंय. मग ऐनाच्या झाडाखाली बसवलं आणि हलायचं नाही म्हणाले. मुंग्या चढल्या, तरी ती हलली नाही. मी दोनदा खाजवलं आणि दोनदा त्यांची नजर झेलली. बऱ्याच वेळाने ते उठले. "बसता येतं हिला," म्हणाले. नेम, बंदूक, गोळी ह्यांविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

वर एक सपाट खडक आहे. त्यावर त्यांनी सागाची पानं रांगेने मांडून ठेवली होती आणि प्रत्येकावर खडा. शेजारी एक थोरलं तवसं (पावसाळी जून काकडी, चांगली मांडीएवढी) आणि सुरी.

"वाडीत तेवीस घरं. कुत्र्यांचं एक पान. वाटंनं येनाऱ्याचं एक."

"तो कोण?" जुईने विचारलं.

"म्हाईत नाय. त्या टायमाला जो वाटंनं येईल तो. त्याचं ठेवायचं."

जुईने तवसं कापायला घेतलं. एकोणीस पानं झाली आणि तवसं संपलं. कमळूदादांनी पिशवीतून दुसरं काढलं. ह्या वेळी तिने आधी मधोमध चिरलं, मग पुन्हा मधोमध, ओठ दातात धरून. पानं भरली. एका पानावर तिने जरा बरी फोड ठेवली.

"ती कुनाची?"

"चांगुणा आजीची."

"असं नसतं गं. आता पाठ कर पानांकडं."

ती पाठ करून उभी राहिली. कमळूदादांनी काठीने एका पानावर टेकवलं. "हा कुनाचा?" ज्याची पाठ आहे त्याने घर सांगायचं. फोड दिसत नाही, म्हणून आवडता-नावडता राहत नाही. पण त्यासाठी सगळी घरं तोंडपाठ लागतात. म्हणून त्यांनी तिला वरूनच वाडी दाखवली, घर आणि घर. ते विहिरीपाशी एकट्या म्हातारीचं. ते, ज्याची बाई बाळंत झाली तिचं. ते बंद दिसतं, माणसं वीटभट्टीवर गेलीत, त्यांचंही पान. ते पत्र्याचं, त्याच्याशी माझं बोलणं नाही, ते म्हणाले.

"त्याला पण द्यायचा?"

"त्याचं आधी नाव घ्यायचं. न्हाईतर ऱ्हाऊन जातं."

चार वेळा ती चुकली. दर वेळी पहिल्यापासून. पाचव्या वेळी पंचवीस पानं झाली. "आता तुझं," ते म्हणाले. उरलेला होता तो देठाकडचा तुकडा. तिने चावला आणि तोंड वाकडं केलं. कडू होता. "ज्यानं पाडलं त्यानं शेवटी उचलायचं. आवडो न आवडो."

मग ते म्हणाले, "आता तुज्या गावची घरं सांग. पाठ कर."

जुई पाठ करून उभी राहिली. काठी पहिल्या पानावर टेकली. "आजोबांचा," ती म्हणाली. दुसऱ्यावर, "काकाचा." तिसऱ्यावर, "आमचा." चौथ्यावर काठी टेकली आणि ती गप्प झाली. तिच्या शेजारी एक पिवळं घर आहे म्हणाली. त्यात कोण राहतं ते तिला माहीत नव्हतं. समोरच्या घरात एक बाई आहे, कुत्रा घेऊन फिरते. कुत्र्याचं नाव माहीत होतं, बाईचं नव्हतं. कमळूदादांनी काठी उचलली नाही. ती तशीच उभी राहिली, पाठ करून, आणि मला तिचे खांदे हलताना दिसले.

मी पुढे होणार होतो. कमळूदादांनी हातानेच मला बसवलं.

थोड्या वेळाने ती वळली. डोळे पुसले नाहीत. तिने थेट त्यांनाच विचारलं, तिच्या मोडक्या मराठीत. "आजोबा, तुमचा पहिला जनावर... तुम्ही रडला?"

"रडलो की. बापानं पाडला तो. मी बारा-तेराचा. श्वास जाईना त्याचा, माज्याकडंच बघत व्हता. लय रडलो."

"मग सगळे हसले?"

"हसत्यात कशाला? आमच्यात जो रडला त्याच्याच हाती सुरी देत. तो नीट कापतो. ज्याला काय वाटलं नाय, तो हात कसाबी चालवतो." त्यांनी सुरी पानाला पुसून म्यान केली. "रडू येईल म्हनून भितीस व्हय तू?"

तिने मान डोलावली. "काकाचे मुलं तिथे असणार. ते हसतील." मला वाटत होतं, ती जनावराला भिते, रक्ताला भिते. तिला भीती होती ती चुलतभावांसमोर रडू फुटण्याची. मला तिने ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दुपारी निघालो. चांगुणाबाईंनी भाजलेले वाल बांधून दिले. कमळूदादा साड्यांच्या कुंपणापर्यंत आले. जुई त्यांच्या पाया पडली, हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. ते तिला "नीट जा" म्हणाले. ये म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत.

उतरताना वीजघराचे नळ दिसायला लागले तसे तिच्या फोनमध्ये खळखळ निरोप यायला लागले. माझी नजर गेलीच. "सकाळीच काढून टाकला तो," ती न विचारता म्हणाली. मग वाटेतच थांबून तिने आजोबांना नवा निरोप लिहिला. तो तिने मला वाचून दाखवला नाही. कर्जतला स्टेशनबाहेर आम्ही वडापाव खाल्ला, तिने दोन खाल्ले, माझ्याशी जरुरीपुरतं बोलली.

घाट चढायला लागल्यावर मात्र मला राहवेना. गाडी चालवताना एक सोय असते, समोर बघूनच बोलायचं असतं.

"जुई, तू जाऊ नयेस असं मला वाटतं. कमळूदादांना नाही. मला."

ती खिडकीतून दरीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "आधी सांगायचा ना, मामा. मग आपण नीट भांडलो असतो."

आणि मग आम्ही भांडलो. खंडाळ्यापासून पुण्यात शिरेपर्यंत. मी माझं सगळं म्हणणं मांडलं, माझ्या तोंडाने, कोणाच्या आड न लपता. ती म्हणाली, तू मटण आणतोस तेव्हा घरं मोजतोस का? मी म्हणालो, तो वेगळा प्रश्न आहे. ती म्हणाली, नाही. देहूरोडला मी चिडलो, ती चिडली, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आमच्याकडे बघायला लागला. घर आलं तेव्हा तिचं मत बदललं नव्हतं आणि माझंही नव्हतं. पण गाडीतून उतरताना तिने माझी चिखलाची विजार असलेली पिशवी स्वतः उचलली.

आठवड्याने त्या दोघी गेल्या. हे लिहितोय तेव्हा तिकडे मोसम सुरू झाला आहे. काल तिचा फोन आला होता. रस्त्यावरच्या सगळ्या घरांची दारं ती वाजवून आली. पिवळ्या घरात एक म्हातारा एकटाच राहतो, त्याने आनंदाने वाटा मागून घेतला. एका घराने दार लावून घेतलं. एक गुजराती कुटुंब निघालं, ते म्हणाले, आमच्या वाट्याचा बटाटा ठेव. आता तिला अकरा घरं पाठ आहेत, आणि तिचे आजोबा म्हणे कागदावर लिहून पाठ करतायत. तिला ती सगळी घरं पाठ करून एका दमात मला म्हणून दाखवायची होती. म्हणून दाखवली. मी मोजली, बरोबर होती.

उद्या पहाटे ती निघेल. तिकडची पहाट म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ. त्या वेळी मी देवापुढे बसेन, एरवी बसत नाही. जनावर तिच्या समोर यावं असं माझ्याने म्हणवत नाही. येऊ नये असं म्हटलं, तर पुन्हा तिच्या आड आल्यासारखं होईल. तेव्हा काहीच न मागता नुसता बसणार आहे.